व्हेस्टलिड जहाजावरचा मणियार

लोहाऱ्याच्या पेठेत हसीनाबी मणियारणीपुढे हात धरायला बायका घाबरतात आणि तरी तिच्याकडेच जातात. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, कंबर पार वाकलेली. पण समोरचीचा हात एकदा हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी दाबला की ती जे माप सांगते ते चुकत नाही. "सव्वादोनची चढती म्हनं! अडीचची घे, उगं मिजास करू नको," असं ती साहेबांच्या बायकांनाही सुनावते. हात लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, पण बांगडी चढते. एखादी तडकलीच तर "फुटली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं, हा धंद्याचा रिवाज तिनं आजवर मोडलेला नाही.

तोंडानं फटकळ असल्यामुळे गावाची समजूत अशी की हसीनाबीच्या पोटात काही राहत नाही. गावाच्या समजुतींचं काय घेऊन बसायचं? तिच्या पोटात एक गोष्ट पंचाहत्तर वर्षं राहिली होती. नवऱ्याला सांगितली नाही, तो वारला. आईला सांगितली नाही, तीही गेली. मुलाला, फारुखला, सांगायचा प्रश्नच नव्हता.

गेल्या डिसेंबरात तिनं नातीला समोर बसवून घेतलं. निखत ही फारुखची मुलगी. तहसीलीला लागून असलेल्या सेतू केंद्रात ती बसते आणि दिवसभर लोकांना दाखले काढून देते, उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे. हसीनाबीनं ट्रंकेतून एक कापडी बटवा काढला आणि त्यातली दोन पत्रं पोरीच्या मांडीवर ठेवली.

"साऱ्या तालुक्याचे दाखले काढतीस. माझ्या अब्बाचा काढ की एक."

"कसला दाखला, दादी?"

"मेल्याचा."

निखतला आधी हसू आलं. मग म्हातारीचा चेहरा बघून ते गेलं.

हसीनाबीचे अब्बा पाशामियाँ मणियार. बांगड्यांचं ओझं खांद्यावर टाकून माकणीपासून जळकोटपर्यंत पायी फिरणारा माणूस. तेव्हा हा मुलूख निजामाचा. लढाई सुरू झाली, बाहेरून येणारा काचेचा माल आटला, तसा तो सोलापूरच्या गिरणीत गेला आणि तिथून मुंबईला. एकेचाळीस साली हसीना जन्मली तेव्हा तो गावी आलेला होता. ती चाळीस दिवसांची झाली, अंघोळ झाली, नाव ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बाप निघाला तो कुठल्याशा जहाजावर आगवाला म्हणून लागला. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा लोटणारा. ज्या माणसानं जन्मात नदीपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं, तो समुद्रावर गेला, तेही समुद्र न दिसणाऱ्या जागी, जहाजाच्या पोटात.

त्याची दोनच पत्रं आली. दोन्ही मुन्शीकडून उर्दूत लिहवून घेतलेली. अलिजाबी, म्हणजे हसीनाची अम्मा, तिला वाचता येत नव्हतं. तिचा थोरला भाऊ गौस, हसीनाचा मामा, ती मोठ्यानं वाचायचा. इतक्या वेळा वाचली की पुढे कागदाची गरजच उरली नाही. हसीनाबीला ती अजून तोंडपाठ आहेत.

पहिल्या पत्रात जहाजाचं नाव होतं, व्हेस्टलिड. "नार्वेवाल्यांचं आहे," पाशामियाँनं लिहवलं होतं. "त्यांचा मुलूख जर्मनानं घेतला. या लोकांना घरी जाता येत नाही म्हणून ते जहाजावरच राहतात आणि इंग्रजांचा माल वाहतात. कप्तान आम्हाला त्याच्या पोरांचा फोटो दाखवतो. दोन वर्षं झाली, त्यांचं पत्र नाही. मी त्याला सांगितलं, माझीही एक आहे, चाळीस दिवसांची होती."

दुसरं पत्र बेचाळीसच्या उन्हाळ्यातलं, मुंबईच्या गोदीतून. जहाज आठ दिवस तिथं होतं, पण आगवाल्यांना गावी जायची सुट्टी नव्हती. त्या पत्रात लढाई होती. "आम्ही एकटे जात नाही. चाळीस-पन्नास जहाजांचा काफिला असतो, रांगा धरून. सगळ्यात सुस्त जहाज चालेल तेवढंच साऱ्यांनी चालायचं. कडेनं लढाऊ जहाजं राखण करतात. पाण्याखालून एखाद्याला मार बसला तर मागच्यानं थांबायचं नाही, असा सक्त हुकूम आहे. थांबला की तोही गेला. पाण्यात माणसं हाका मारतात आणि आम्ही त्यांच्या शेजारून निघून जातो. आमचा कप्तान टोपी काढून उभा राहतो, पण थांबत नाही. आम्हाला खाली काही दिसत नाही. धक्का बसला तर शिडीनं वर पळायचं. सगळे पोहोचत नाहीत. हे अलिजाला वाचून दाखवू नका."

गौसमामानं तेही वाचून दाखवलं. पत्राच्या शेवटी एवढंच होतं की जबाब लिहायचा तर "मार्फत दाऊद इसाक परकार" असा लिहा. कुणी तरी कोकणी दोस्त असेल, असं सगळे समजले. जबाब लिहिला. त्याचं उत्तर आलं नाही. लढाई संपली, तरी आलं नाही. अलिजाबी बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन नवऱ्याच्या वाटेनं गावोगाव फिरू लागली.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. पोलीस ॲक्शन. भादव्याचे दिवस होते. निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत गेलं आणि रझाकारांनी केलेल्या जुलमांचं उट्टं ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही निघालं. माणसं दारावर यायची आणि नाव घेऊन विचारायची, अमका आहे का घरात? गौसमामा शाळेत शिपाई होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं नाव घेऊन हाक आली तेव्हा तो जेवत होता. हात धुऊन "व्हय जी" म्हणत बाहेर गेला. तो परत आला नाही. ताटातली भाकरी संध्याकाळपर्यंत तशीच होती, हे हसीनाबीला स्वच्छ आठवतं. सात वर्षांची होती ती.

त्यानंतर अलिजाबीनं पोरीला एक धडा दिला. रोज घ्यायची, पाढे घेतात तसा. कुणीही परका दारात आला, कुठलंही नाव घेतलं, तर म्हणायचं: या नावाचं इथं कुणी न्हाय. अब्बाचं नाव घेतलं तर? न्हाय. अम्माचं घेतलं तर? न्हाय. गोड बोलला तर? तरी न्हाय. त्या गल्लीतल्या सगळ्या घरांतली पोरं हेच शिकली होती. आया मुलांना खरं बोलायला शिकवतात. त्या वर्षी आमच्या या भागातल्या काही आयांनी खोटं बोलायला शिकवलं, आणि त्यांना नावं ठेवायची कुणाची छाती असेल त्यानं खुशाल ठेवावीत.

पन्नास सालचा उन्हाळा. अलिजाबी टोपली घेऊन जळकोटच्या बाजाराला गेली होती. नऊ वर्षांची हसीना दारात बसून दोऱ्यात बांगड्या ओवत होती. एक उंच माणूस आला. दाढी, डोक्याला टोपी, पायांत धूळ. त्यानं विचारलं, "पाशामियाँ मणियारांचं घर हेच का?"

बोलणं इथलं नव्हतं. आवाज गोड होता. हसीना म्हणाली, "या नावाचं इथं कुणी न्हाय."

"आणि त्यांची बायको?"

"न्हाय."

तो तसाच उभा राहिला. मग त्यानं पाणी मागितलं. पाण्याला नाही म्हणायला अम्मानं शिकवलं नव्हतं, म्हणून तिनं तांब्या आणून दिला. पाणी पिऊन त्यानं पिशवीतून एक पुरचुंडी काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, एकदा मागे वळला आणि निघून गेला. पुरचुंडीत भाजलेले काजू होते. हसीनानं तोवर काजू बघितला नव्हता. अम्मा यायच्या आत तिनं ते सगळे खाऊन टाकले, फडकं चुलीत घातलं. का, ते तिला आजही धड सांगता येत नाही. धडा बरोबर म्हटला म्हणून शाबासकी मिळायला हवी होती. पण तो हात डोक्यावरून जात नव्हता.

बाराव्या-तेराव्या वर्षी तिला कळायला लागलं, आणि एक दिवस टोपली उतरवता उतरवता मनात आलं: ते अब्बाच असतील तर? तिनं बापाला कधी पाहिलं नव्हतं. बापानं तिला चाळीस दिवसांची पाहिलेलं. एखादा माणूस नऊ वर्षांनी घरी येतो, दारात आपल्या पोरीच्या वयाच्या हिशेबात बसणारी पोर बघतो, तिला विचारतो, आणि ती म्हणते तुमच्या नावाचं इथं कुणी न्हाय. तो काय करेल? डोक्यावर हात ठेवेल आणि जाईल.

हा विचार एकदा घरात शिरला तो शिरलाच. वर गावाचं बोलणं होतंच: पाशानं मुंबईत दुसरा संसार मांडला, पाशानं गोरी बाई ठेवली. हसीनाबी ऐकायची आणि मनात म्हणायची, मांडला असेल तर माझ्यामुळं मांडला.

त्रेपन्न साली अम्माला मागणी आली. जळकोटचे रशीद मास्तर, बायको वारलेली, सरळ माणूस. अलिजाबी एकतीसची होती. पहिल्यांदा तिनं लगेच नाही म्हटलं नाही. मास्तर स्वतः काझींकडे गेले. काझी म्हणाले, बेपत्ता मर्दाची बायको ही बायकोच. तो मेला असं सांगणारा एक माणूस आणा, एक गवाही, मी उद्या निकाह लावतो. मास्तरांनी दोन वर्षं मुंबईला पत्रं लिहिली. गोदीत पाशामियाँ मणियार नावाचा आगवाला कुठल्याच वहीत नव्हता. मग मास्तरांनी दुसरीकडे निकाह केला. अलिजाबी त्या बाईला बांगड्या भरायला गेली. धंदा होता, जायलाच हवं होतं.

स्वतःच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या मात्र तिनं उतरवल्या नाहीत. मणियारणीला स्वतःच्या हातानं बांगड्या भरता येत नाहीत, दुसरं कुणीतरी लागतं. दर ईदला ते काम हसीनाचं. चाळीस ईदा तिनं अम्माची मूठ दाबून तिच्या हातांत नवऱ्याच्या नावाच्या बांगड्या चढवल्या, आणि दर वेळी सांगायचं राहिलं. अम्मा, एक माणूस आला होता. एवढंच तर म्हणायचं होतं. एक्क्याण्णव साली अलिजाबी गेली तेव्हा गुसलच्या, मयताच्या अंघोळीच्या वेळी त्या बांगड्या हसीनाबीनंच काढल्या, तेल लावून, एक एक करून. एकही वाढू दिली नाही.

आता डिसेंबरात नातीच्या मांडीवर पत्रं ठेवली, ती एवढ्यासाठी. अब्बा त्या जहाजाबरोबर बुडाले असा कुणाचा कागद मिळाला, तर पन्नास साली दारात उभा होता तो माणूस अब्बा नव्हता. मग तो कुणीही असो, फेरीवाला असो की पोलिसांचा माणूस असो. बापाला दारातून हाकललं नाही, एवढं कळून तिला मरायचं होतं. आणि कागदावर अब्बा जिवंत निघाले, तर काय करायचं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. निखतला तिनं यातलं काही सांगितलं नाही.

निखत कामसू पोरगी. पत्रं फारुखला वाचता येत होती, त्यानं वाचून दाखवली. नॉर्वेतल्या एका संग्रहालयानं लढाईतल्या जहाजांच्या नोंदी ठेवल्यात, असं तिला मोबाईलवर सापडलं. तिनं इंग्रजीत पत्र पाठवलं. उत्तर येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. सोळा दिवसांनी आलं, सोबत जुन्या टंकलेखी पानांचे फोटो. व्हेस्टलिड बुडाल्यावर वाचलेल्यांचे जबाब घेतले होते, ते.

निखत दुपारच्या सुट्टीत घरी आली आणि मोबाईलवर मराठी करत वाचू लागली. फारुखही दुकान टाकून बसला. नोव्हेंबर एकोणीसशे बेचाळीस. काफिल्यात बेचाळीस जहाजं. व्हेस्टलिड आठव्या रांगेत शेवटून दुसरं. आदल्या दिवशी भट्टीत खराब कोळसा लागल्यानं ते मागं पडत होतं, खालच्या लोकांनी दुप्पट पाळ्या करून त्याला पुन्हा रांगेत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे डाव्या अंगाला, नेमका इंजिनखोलीवर, टॉर्पेडो बसला. सात मिनिटांत जहाज गेलं. होड्यांतून एकोणीस जण वाचले. कप्तान वाचला नाही. मागचं जहाज हुकुमाप्रमाणे थांबलं नाही. खाली पाळीवर एक नॉर्वेचा इंजिनवाला आणि पाच हिंदी आगवाले होते, ते वर आले नाहीत.

"नावं हायेत?" हसीनाबीनं विचारलं.

निखतनं पाचही नावं वाचली. मग पुन्हा वाचली. मग वाचलेल्या एकोणिसांची वाचली. कुठंच पाशामियाँ नव्हता. पाच मेलेल्यांतला शेवटचा मात्र ओळखीचा निघाला: दाऊद इसाक परकार, जिल्हा रत्नागिरी.

"तुझ्या अब्बाचा दोस्त," फारुख म्हणाला. "ज्याच्या मार्फत पत्रं जायची. तो बिचारा बुडाला."

हसीनाबीनं मनात हिशेब मांडला. दोस्त बुडाला. अब्बा बुडाले नाहीत. ते त्या वेळी जहाजावरच नव्हते. म्हणजे वाचले. म्हणजे लढाईनंतर कुठं तरी होते, चालत होते, पाणी पीत होते. पन्नास साली लोहाऱ्याला येण्याइतके जिवंत होते.

त्या दिवसापासून ती दुकानात बसली नाही. जेवण ताटात तसंच राहू लागलं. फारुखनं डॉक्टर आणला, डॉक्टरनं वय झालं म्हणून सांगितलं. वय तर आदल्या आठवड्यातही तेवढंच होतं.

निखतच्या डोक्यातून मात्र ती यादी जाईना. दिवसभर कागद बघणाऱ्या पोरीला एक गोष्ट खटकत होती: मार्फत म्हणून माणूस किनाऱ्यावरचं नाव देतो, दुकानाचं, खानावळीचं. त्याच जहाजातल्या दुसऱ्या आगवाल्याचं कशाला देईल? चौथ्या दिवशी सेतूमध्ये एक बाई भांडत आली. रोजगार हमीवर तिच्या जाऊबाईच्या जॉब कार्डावर काम ही करत होती आणि अपघात हिला झाला, तर कागदावर जखमी जाऊबाई. ती जाऊबाई धडधाकट तिच्या शेजारीच उभी होती. निखतनं त्या दोघींकडे बघितलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

यादीत परकारच्या गावाचं नाव होतं. तिथल्या ग्रामपंचायतीचा नंबर काढायला एक दिवस लागला, त्या घराचा नंबर मिळायला आणखी एक.

हसीनाबी त्या दिवशी दुकानात होती ती नाइलाजानं. गल्लीतल्या नीलम्माची मुलगी राजनंदिनी, तिचं लग्न दोन दिवसांवर आलेलं, आणि नीलम्मा हट्टाला पेटली होती की चुडा भरायचा तो हसीनाबीच्याच हातानं. "तुम्ही माझ्याबी हातात भरल्या, आता पोरीच्या नको म्हनू नका." डावा हात भरून झाला होता. उजवा हातात घेतला होता, तेवढ्यात निखत धापा टाकत आली.

"दादी, कोकणातून फोन आहे. मुजफ्फर परकार म्हणून आहेत. दाऊदचे नातू. तुम्हीच ऐका." तिनं मोबाईलचा आवाज मोठा केला आणि बांगड्यांच्या पेटीवर ठेवला.

पलीकडून साठीतल्या माणसाचा सावकाश आवाज आला. "सलाम, आजी. तुमच्या नातीनं सगळं सांगितलं. आमच्या घरात ही गोष्ट बाहेर बोलायची नाही असं होतं, पण आता कुणाला भ्यायचं? आमचे दाऊददादा बेचाळीसला बुडाले नाहीत. ते एकोणऐंशीपर्यंत आमच्यात होते."

हसीनाबीच्या हातात राजनंदिनीची मूठ तशीच होती.

"दादांना छातीचं दुखणं लागलं होतं. पुन्हा भट्टीपुढं गेलो तर मरेन, म्हणत होते. तुमच्या वडिलांना काम हवं होतं, पण निजामाची रयत म्हणून त्यांच्याकडे खलाशाचा दाखला नव्हता. दादांनी मुंबईत आपला दाखला त्यांना दिला. तेव्हा कोण बघत होतं? सारंगाला, खलाशांच्या मुकादमाला, माणूस भरायचा होता. जहाजावर तुमचे वडील दाऊद इसाक परकार होते. बुडाले ते तेच, आजी. आमच्या घरी सरकारी कागद आला की तुमचा माणूस कामी आला, तेव्हा दादा ओटीवर जेवत बसले होते."

हसीनाबीनं डोळे मिटले. पंचाहत्तर वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. ते अब्बा नव्हते. दारातला माणूस अब्बा नव्हता. अब्बा तर केव्हाच खाली, भट्टीपुढं. तिला रडू आलं आणि रडतानाच ती हसली. निखतला वाटलं, बरं झालं फोन लावला.

"दादांचं मन खात होतं," मुजफ्फर पुढे बोलत होता. "तुमच्या वडिलांनी जाताना त्यांच्याकडून शब्द घेतला होता, माझं काही झालं तर माझ्या बायकोला तोंडानं सांगून ये. पत्र लिहायची दादांना भीती. दाखला दुसऱ्याला दिला म्हणजे तुरुंग, आणि लिहिलेलं राहतं. लढाई गेली, मग तुमच्याकडची गडबड झाली. पन्नास साली त्यांनी हिय्या केला आणि लोहाऱ्याला आले."

निखतनं चमकून दादीकडे बघितलं. हसीनाबीचे डोळे उघडले होते.

"घर सापडलं, म्हणायचे. दारात आठ-नऊ वर्षांची पोर होती, बांगड्या ओवत. ती म्हणाली, पाशामियाँ नावाचं इथं कुणी नाही. बायकोचं विचारलं, तर तीही नाही. गल्लीतली निम्मी घरं कुलपात होती. एका दुकानात विचारलं, तो नुसता मान हलवायला लागला. दादा समजले, हे घरही त्या गडबडीत गेलं. पोर कुणाची तरी वेगळी. तिनं पाणी दिलं, म्हणून सोबतचे काजू तिला दिले आणि परत आले. पुन्हा काही गेले नाहीत. मरेपर्यंत म्हणत होते, ती बाई भेटली असती तर मी एक गवाही देऊन मोकळा झालो असतो, तीही मोकळी झाली असती." मग त्यानं विचारलं, "ती पोर कोण होती, तुम्हाला काही कल्पना आहे का?"

"शेजारची असंल कोणाची तरी," निखत म्हणाली. "तेव्हा आमच्या इथं—"

"म्या."

हसीनाबीचा आवाज इतका लहान होता की फोनवरच्याला तो ऐकूच गेला नाही. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. निखतनं फोन उचलून बंद केला.

नीलम्मा बाहेर रस्त्याकडे बघत होती. हसीनाबीनं पेटीच्या काठाला धरलं आणि राजनंदिनीच्या मोकळ्या हाताकडे बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं, सगळं सांगून टाकलं: मामाच्या ताटातली भाकरी, धडा, तांब्या, काजू, चुलीत घातलेलं फडकं. काझी एक गवाही मागत होते, म्हणाली. मास्तर दोन वर्षं शोधत होते. गवाह माझ्या दारातून पाणी पिऊन गेला होता.

"म्या भीत व्हते अब्बाला हाकललं म्हनून," ती म्हणाली. "अब्बाला न्हाय हाकललं म्या. अम्माला बांधून ठिवलं."

निखत तिच्या पायांशी बसली. तिलाही रडू फुटलं होतं. "दादी, असं नका म्हणू. तुम्हाला तसंच शिकवलं होतं. तुम्ही नऊ वर्षांच्या होता."

हसीनाबीनं मान हलवली. पोरीचं खरं होतं. तिनं राजनंदिनीची मूठ सोडली आणि आपला हात पदराखाली घेतला.

"व्हय," ती म्हणाली. "म्या नऊची व्हते. अम्मा अठ्ठावीसची व्हती."